हिंगाष्टक चूर्ण: ‘गॅसचं काहीतरी द्या’ म्हणण्याआधी

मेडिकलच्या काउंटरवर ‘गॅसचं काहीतरी द्या’ म्हटलं की समोरचा माणूस चारपैकी काहीही काढून देऊ शकतो. पाण्यात फसफसणारी पुडी, गुलाबी अँटासिडची बाटली, पॅन्टोप्राझोलची पट्टी, नाहीतर हिंगाष्टकाची डबी. चारही वस्तू ‘गॅसवर’ म्हणूनच खपतात आणि चारींचं काम वेगळं आहे. म्हणून हिंगाष्टकाला चांगलं-वाईट ठरवण्याआधी तक्रार कोणती ते ठरवावं लागतं, नाहीतर चांगल्या औषधाला उगाच नावं ठेवली जातात.

जेवल्यावर तास-दोन तासांनी पोट डब्ब होतं, पायजम्याची नाडी सैल करावीशी वाटते, बेंबीच्या आसपास गुडगुड होते, मधूनच कळ येते आणि वारा सरला की हलकं वाटतं. हा आतड्यातला वायू. हिंगाष्टक यासाठी आहे. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री आडवं झाल्यावर त्रास, हे पित्ताचं लक्षण. इथे हिंगाष्टक घेणं म्हणजे आगीत तेल. भराभर जेवून, बोलत बोलत खाऊन, स्ट्रॉने कोल्ड्रिंक पिऊन येणारे कोरडे ढेकर ही निव्वळ गिळलेली हवा असते, तिला चूर्णापेक्षा सावकाश जेवणं लागू पडतं. चौथा प्रकार पोट साफ न होण्याचा. मळ अडला की मागचा वायूही अडतो, आणि मग वर कितीही पाचक घेतलं तरी पोट गच्च ते गच्चच.

एका ओळीत मत हवं असेल तर ते असं: जड किंवा वातूळ जेवणानंतरच्या पोटफुगीला हिंगाष्टक हे आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत मुद्देसूद औषध आहे. मात्र ते योग्य वेळी आणि योग्य रीतीने घेतलं तरच. बहुतेक लोक दोन्ही चुकवतात.

डबीत काय असतं ते नावातच आलं आहे. हिंग आणि त्याच्यासोबत सात द्रव्यं: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा (ओव्यासारखंच, पण वेगळं बी), सैंधव, जिरे आणि शहाजिरे. जुन्या श्लोकात कृतीबरोबर घेण्याची पद्धतही सांगून टाकली आहे: तुपात कालवून, जेवणाच्या पहिल्या घासाला. पण हिंग किती, यावर दोन वाटा आहेत. आठही द्रव्यं समभाग घ्यायची हा एक अर्थ. बाकी सात समभाग आणि हिंग त्यांच्या मानाने बरंच कमी, हा दुसरा. बाजारातल्या डब्यांमध्ये वासाचा आणि चवीचा जो एवढा फरक जाणवतो, त्याचं मोठं कारण हे. एका डबीचं झाकण उघडलं की खोलीभर हिंग, दुसरीत नाक घातलं तर आधी ओवा येतो आणि हिंग मागून हळूच. दोन्ही खोट्या आहेत असं नाही. श्री धूतपापेश्वर, बैद्यनाथ, डाबर अशा जुन्या नावांची चूर्णं गावोगाव मिळतात, आणि नाव कुठलंही असो, मागचं लेबल वाचून घेणं बरं.

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रत्येक घटकाचं प्रमाण ग्रॅममध्ये किंवा भागांत दिलंय का. नुसतं ‘हिंग इत्यादी’ लिहिलेली डबी परत ठेवा. दुसरी, हिंगापुढे ‘शुद्ध’ लिहिलंय का. तिसरी, अजमोद्याच्या जागी ओवा आहे का. पुष्कळ ठिकाणी असतो, आणि खरं सांगायचं तर पोटफुगीपुरता ओवा काही कमी नाही, त्यातलं थायमॉल पोटातली मुरड सैल करायला उपयोगी मानलं जातं. फक्त ओव्याचा तिखटपणा जास्त असल्याने घशाला लागतं. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असतेच, त्यातली तारीख मात्र मन लावून बघावी. सुगंधी तेलांवर चालणारं हे चूर्ण आहे आणि ती तेलं उडून जातात. मुदत संपायला दोन महिने उरलेली, सवलतीत मिळणारी मोठी बाटली हा खोटा फायदा. आत उरतं ते मीठ आणि भुसा.

आता हिंगाबद्दल, कारण सगळं यावर उभं आहे. हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झाडाच्या मुळाला चिरा देऊन जमवलेला, वाळून घट्ट झालेला चीक. आपण तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून आणत आलो. देशात लागवडीचा प्रयत्न म्हणून २०२०च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने पहिली रोपं लावली. पण स्वयंपाकघरातल्या डबीत असतो तो हा चीक नव्हे. तो बांधणीचा हिंग: थोडा चीक आणि त्याला धरून ठेवायला डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. फोडणीला तो चालतो, कारण निव्वळ चीक चिमटीत मोजणं अवघड. औषधात मात्र १० ग्रॅम बांधणीचा हिंग म्हणजे १० ग्रॅम हिंग नव्हेच. शिवाय ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही, त्यांना मैद्याचा हिंग घातलेलं चूर्ण घेतल्यावर पोट जास्तच फुगतं आणि दोष हिंगावर जातो. अशांनी घटकांत गहू किंवा मैदा आहे का ते पाहिल्याशिवाय डबी उघडूसुद्धा नये.

हिंगाची पारख घरी होते. हरभऱ्याएवढा खडा अर्धा पेला कोमट पाण्यात विरघळवा. चांगल्या हिंगाचं पाणी दुधासारखं पांढुरकं होतं आणि तळाला फारसं काही बसत नाही. खाली माती किंवा पिठाचा थर बसला तर समजून जा. चमच्यात छोटा तुकडा धरून पेटवला तर चांगला हिंग कापरासारखा ज्योत धरून जळतो. तयार चूर्णाचीही अशीच चाचणी घेता येते, फक्त अपेक्षा कमी ठेवा: पाव चमचा चूर्ण पाण्यात ढवळल्यावर पाण्याला हलका दुधी रंग आला पाहिजे आणि वास वर आला पाहिजे. नुसता तपकिरी गाळ खाली आणि वर स्वच्छ खारट पाणी, अशी डबी पुन्हा घेऊ नका.

कच्चा हिंग चूर्णात घालत नाहीत. तुपात फुलवून घेतात, तीच त्याची शुद्धी. कच्चा हिंग पोटात ढवळतो, तोंडाला उग्र लागतो, कुणाकुणाला उमासे येतात. फुलवताना त्यातला ओलावा जातो, खडा फुगून हलका आणि ठिसूळ होतो, आणि मगच त्याची पूड होते. चूर्णात हिंगाचे चिकट, दाताला चिकटणारे कण लागले तर हिंग नीट फुललेला नाही असं खुशाल समजावं.

घेण्याची पद्धत ही या औषधाची अर्धी ताकद आहे. मोठ्या माणसाला एका वेळी १ ते ३ ग्रॅम; घरगुती लहान चमचा सपाट भरला तर साधारण अडीच-तीन ग्रॅम होतात, म्हणजे सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. ताटात गरम भाताचे दोन घास बाजूला काढा, त्यावर अर्धा ते एक चमचा साजूक तूप, त्यावर चूर्ण, नीट कालवा आणि ते आधी खा. मग वरण, भाजी, पोळी. भात नको असेल तर भाकरीचा तुकडा तुपात बुडवून चालतो, पण कोरड्या पोळीत गुंडाळून नाही. तूप का, तर तिखट द्रव्यं घशाला आणि जठराला थेट लागू नयेत आणि हिंगातली, ओव्यातली तेलं तुपात उतरावीत म्हणून. पहिल्या घासाला का, तर पुढे येणारं अन्न त्यात मिसळावं म्हणून. पोट फुगल्यानंतर दोन तासांनी घेतलेलं चूर्ण काहीच करत नाही असं नाही, पण तेव्हा ते आग लागल्यावर खणलेली विहीर.

जेवणानंतर घ्यायचंच झालं तर अर्धा चमचा चूर्ण कपभर कोमट पाण्यात किंवा पातळ, ताज्या, आंबट नसलेल्या ताकात. ताकाचा उतारा उत्तम आहे, मात्र दूध न पचणाऱ्याने ताकही बेतानेच. ताकात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं, शून्य नसतं.

चुका ठरलेल्या आहेत. कोरडं चूर्ण चमच्याने तोंडात टाकून वर पाणी: ठसका बसतो, नाकात सुंठ जाते, आणि माणूस पुन्हा डबीला हात लावत नाही. ‘पचन सुधारतं’ म्हणून सकाळी उपाशीपोटी: जळजळ हमखास. तूप टाळून मधात: चवीला बरं लागतं, पण मध गरम भातात घालायचा नसतो आणि नुसत्या मधातलं चूर्ण घशालाच बसतं. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एकदम मोठा चमचा, कारण ‘आयुर्वेदिक आहे, त्रास थोडाच होणार’. त्रास होतो. तीन तिखट द्रव्यं एका डबीत आहेत.

गुण कसा ओळखायचा? वारा मोकळा सरू लागतो. लोकांना हे पटत नाही, उलट ‘औषधाने गॅस वाढला’ अशी तक्रार येते. आत कोंडलेलं बाहेर पडणं हाच गुण आहे. तसाही निरोगी माणसाचा दिवसभरात अर्धा ते दीड लिटर वायू खालून जातोच, दहा-वीस वेळा वारा सरणं हा आजार नाही. त्यातला बहुतेक भाग नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींमध्ये मिथेन असा बिनवासाचा असतो. वास येतो तो अगदी थोड्या गंधकयुक्त वायूंचा, म्हणून अंडी, कोबी, फ्लॉवर, कांदा-लसूण खाल्ल्यावर तो वाढतो. वास जास्त म्हणजे गॅस जास्त, असं गणित नाही. ‘वास येतो म्हणून’ हिंगाष्टक घेणारा निराश होणार.

शेजारच्या फळीवरच्या वस्तूंशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही. फसफसणारी पुडी म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबाचं आम्ल. पाण्यात पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यातला काही पोटात जातो आणि ढेकर येतो. म्हणजे आलेला ढेकर पुष्कळदा त्या पुडीचाच असतो! आंबटपणा मात्र सोड्याने खरोखर उतरतो, पित्ताला तात्पुरता आराम मिळतो. पोटफुगीला ती कामाची नाही, आणि सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी रोज घेण्याची वस्तू तर नाहीच.

गुलाबी-पांढऱ्या अँटासिडांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड असतात आणि बहुतेकांत सिमेथिकोन. हे सिमेथिकोन हिंगाष्टकाचा खरा प्रतिस्पर्धी. ते रक्तात शोषलं जात नाही. आतड्यातल्या फेसाचे बारीक बुडबुडे फोडून मोठे करतं, म्हणजे वायू सरकायला सोपा होतो. नवा वायू तयार होणं मात्र ते थांबवत नाही. साधारण ४० ते १२५ मिलिग्रॅम जेवणानंतर आणि झोपताना, दिवसात ५०० मिलिग्रॅमपर्यंत. तिखट चालत नाही, प्रवासात आहे, चूर्णाची चव सोसत नाही, अशांसाठी सिमेथिकोनची साधी चघळायची गोळी सरळ आणि सोयीची. इतर औषधांत ती फारशी लुडबुड करत नाही हा हिंगाष्टकाहून मोठा गुण. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर मात्र तिचा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही, तरी थेंब सर्रास दिले जातात.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांना महाराष्ट्रात सरसकट ‘गॅसची गोळी’ म्हणतात. गोंधळाचं मूळ इथे आहे. ही गोळी आम्ल तयार होणं कमी करते, वायूवर तिचं काही काम नाही. नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, पोट फुगल्यावर नाही. डोकेदुखीच्या गोळीबरोबर ‘गॅसची एक’ म्हणून महिनोन्‌महिने ती गिळणारे घरोघरी सापडतात. हिंगाष्टकाला तिची जागा घेता येत नाही आणि तिला हिंगाष्टकाची. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल मुरड्यावर चांगल्या, पण जठराच्या तोंडाची झडप सैल करत असल्याने पित्तवाल्यांना जळजळ वाढते.

आयुर्वेदाच्या फळीवरही घोटाळे होतात. लवणभास्कर चूर्ण चवीला जास्त छान, म्हणून हिंगाष्टकाऐवजी दिलं जातं. पण त्यात चार प्रकारची मिठं आहेत आणि मूळ कृतीप्रमाणे एकूण वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास मीठच. अविपत्तिकर हे पित्ताचं, त्यात निशोत्तर हे रेचक मूळ असल्याने पोट सैल होतं. शिवाक्षार पाचन म्हणजे हिंगाष्टकात हिरडा आणि सज्जीखार घातलेला प्रकार, मलावरोध आणि गॅस एकत्र असेल तर तो जास्त बरा पडतो. परदेशात राहणाऱ्यांना अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच्या, म्हणजे कडधान्यांतल्या न पचणाऱ्या शर्करा फोडणाऱ्या विकराच्या, गोळ्या सहज मिळतात. कडधान्यांवर तो नेमका उपाय आहे, पण तीही पहिल्या घासालाच घ्यावी लागते. इथे जुना श्लोक आणि नवी गोळी एकाच वेळेवर येऊन थांबतात, हे गमतीचं आहे.

कडधान्याचा विषय निघालाच आहे तर, पावटे, वाल, चवळी, राजमा, हरभरा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारून वायू करतात. हिंगाष्टक या शर्करा पचवत नाही. त्यामुळे वाल न भिजवता, न सोलता, भिजवलेलं पाणी न टाकता उसळ केली आणि वर चूर्ण घेतलं तर चूर्णाकडून जास्त मागितल्यासारखं होईल. आठ-बारा तास भिजवा, पाणी फेका, मोड आणा, शिजताना पहिलं पाणीही टाकलं तर उत्तम. मोडांत या शर्करा कमी होतात. फोडणीत हिंग-ओवा आणि मग जेवताना अर्धा चमचा हिंगाष्टक, असं केलं तर डाळिंब्यांची उसळ खाऊनही संध्याकाळ बरी जाते.

तयार डबी की घरचं चूर्ण? वेळ आणि चांगला काष्ठौषधीवाला असेल तर घरचं सरस, कारण ताजेपणा. ८० ग्रॅमचा घाणा घ्या, प्रत्येकी १० ग्रॅम. सुंठ धागेदार असते, खलबत्त्यात ठेचून मिक्सरला लावा आणि चाळा, वर राहिलेले धागे टाकून द्या. म्हणूनच वजन नेहमी चाळल्यानंतर करायचं, आधी नाही, नाहीतर सुंठ कमी पडते. मिरी पाण्यात टाकून बघा: पपईच्या बिया तरंगतात, चांगली मिरी बुडते. तपासलेली मिरी पुन्हा खडखडीत वाळवायची. पिंपळी काळपट, भरीव, जिभेला मुंग्या आणणारी हवी, पोकळ आणि भुरी नको. जिरे, शहाजिरे, अजमोदा मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत. रंग बदलेपर्यंत भाजलं की तेल उडालं. शहाजिऱ्यात मोठी फसगत असते. ‘काळं जिरं’ मागितलं की काही दुकानात कडूजिरे पुढे करतात, काही ठिकाणी कलौंजी. कडूजिऱ्याने सगळं चूर्ण कडूजहर होतं आणि औषधही वेगळंच होतं. शहाजिरे बारीक, किंचित वाकडे, तपकिरी-काळपट आणि गोडसर वासाचे असतात. चोळून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिंगाचे हरभऱ्याएवढे तुकडे करा, लोखंडी पळीत चमचाभर तूप, आच अगदी मंद. तुकडे पांढरट होऊन फुगतील. धूर निघू लागला म्हणजे करपले, ते कडू लागतात, फेकून द्या. निवल्यावर बोटाने दाबून कुडकुडीत मोडले पाहिजेत. आत चिकट राहिलेला खडा मिक्सरच्या पात्याला डिंकासारखा बसतो आणि त्या भांड्याला पुढे कित्येक दिवस वास राहतो, तेव्हा चटणीचं भांडं वापरू नका. सैंधव कोरडं भाजून घ्या. सगळ्या पुडी वेगवेगळ्या वस्त्रगाळ करून मगच मोजून एकत्र करायच्या आणि दोन-तीनदा चाळणीतून काढायच्या. एकत्र दळलं तर मऊ द्रव्यं पिठासारखी आणि सुंठ जाडसर राहते, आणि डबीच्या वरच्या चमच्यात आणि तळच्या चमच्यात फरक पडतो.

समभाग हिंग घरच्या लोकांना फार उग्र वाटला तर तो अडीच-तीन ग्रॅमवर आणा. पोटफुगीवरचा गुण थोडा कमी होईल, पण घेतलं जाईल. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात मिठामुळे चूर्णाच्या गुठळ्या होतात. काचेची छोटी बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा. गुठळी झाली म्हणून लगेच टाकायची गरज नाही, बुरशीचा वास किंवा रंग दिसला तर मात्र टाका. पातळ प्लास्टिकच्या डब्यातून हिंगाचा वास शेजारच्या चहापत्तीत जातो.

कुणी घेऊ नये ते स्पष्ट सांगायला हवं. जठरात व्रण, तोंड आलेलं, मूळव्याधीतून रक्त, सतत जळजळ असलेल्यांनी नाही. गरोदरपणात औषधी मात्रेतला हिंग टाळतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मिरी-पिंपळीतलं पायपरिन काही औषधांचं शोषण वाढवतं. फिटवरचं फिनायटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन ही त्यांतली उदाहरणं, तेव्हा फिटचं औषध घेणाऱ्यांनी ‘फक्त चूर्ण तर आहे’ असं म्हणू नये. मीठ तुलनेने थोडं: समभाग चूर्णाच्या ३ ग्रॅमात पाऊण ते एक चिमूट सैंधव, म्हणजे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. पण मीठ मोजून खाणाऱ्याने तेही हिशेबात धरावं. तान्ह्या बाळाला हिंग पोटात देऊ नका. बेंबीभोवती पातळ लेप लावण्याची आपल्याकडची रीत निराळी, पाजण्यातून बाळाच्या रक्तावर घातक परिणाम झाल्याची नोंद आहे.

आणि जिथे कुठलंच चूर्ण उघडायचं नाही अशा वेळा. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप: याला ‘गॅस वर चढला’ म्हणत ओवा चावत बसू नका, १०८ला फोन करा. मधुमेहींमध्ये, बायकांमध्ये आणि वयस्करांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या वरच्या पोटातल्या अस्वस्थतेने येऊ शकतो. पोट फुगलंय, उलट्या होतायत, ना वारा सरतोय ना शौच, हा आतड्याचा अडथळा असू शकतो. शौचातून रक्त, काळी शौच, वजन उतरणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली आणि न हटणारी पोटफुगी, यांची तपासणीच हवी.

विकत घ्यायचं तर ५०-६० ग्रॅमची डबी, त्याहून मोठी नको. दोन्ही जेवणांना दोन-दोन ग्रॅम धरले तर ६० ग्रॅम पंधरा दिवस पुरतात. चूर्णाची चव सोसत नसेल तर हिंगाष्टकाच्या वट्या मिळतात, पण त्या तुपाच्या घासात कालवता येत नाहीत, गिळायच्या तर गुण सावकाश येतो. चावून खाल्ल्या तर चूर्णच घेतल्यासारखं झालं, मग डबी काय वाईट? पंधरा दिवस नीट तुपातून घेऊन, वाल-पावटे भिजवून, सावकाश जेवूनही पोट फुगतच असेल तर दुसरी डबी आणायला जाऊ नका, पोट दाखवून या.